गाणाऱ्या मुलांचा शिधा

तंजावरचे बृहदीश्वराचे देवालय पाहावयास गेलेला महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा दोन गोष्टी डोळ्यांत साठवून परततो. एक, आकाशात चढत गेलेले ते विमान; आणि दुसरी, भोसले कुळाचा इतिहास सांगणारा, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला विस्तीर्ण मराठी शिलालेख. त्या लेखापुढे उभे राहिले म्हणजे दूरदेशी आपले घरचे माणूस भेटल्याचा आनंद होतो. परंतु त्याच देवालयाच्या भिंतींवर त्याहून आठशे वर्षे जुने तमिळ लेख आहेत, आणि त्यांपैकी एका लेखाचा विषय मोठा घरगुती आहे. तो विषय म्हणजे गवयांचे पोट.

राजराज चोळाने हे देवालय १०१० साली पुरे केले. त्यानंतर चार-पाच वर्षांच्या आतच त्याने देवापुढे रोज तिरुप्पदियम्, म्हणजे शैव संतांची पदे, म्हणावयास ४८ गायक नेमले. साथीला एक उडुक्कै वाजविणारा आणि एक मद्दल वाजविणारा. मिळून ५० असामी. प्रत्येकास दररोज तीन कुरुणी साळ मोजून द्यावी, असे लेखात स्पष्ट लिहिले आहे. पुढचे कलम तर एखाद्या चाणाक्ष कारभाऱ्याला शोभेल असे आहे. यांतील कोणी मृत झाला किंवा गाव सोडून गेला, तर त्याच्या जवळच्या नातलगाने ती साळ घ्यावी आणि पदे म्हणावीत. नातलगाच्या अंगी पात्रता नसेल, तर त्याने पात्र असा दुसरा मनुष्य उभा करावा. नातलगच नसेल, तर उरलेल्या गायकांनी योग्य माणूस निवडावा. वतन आणि गुण यांचे भांडण आपल्याकडे किती जुने आहे आणि ते मिटविण्याची खटपटही किती जुनी आहे, हे या चार ओळींवरून ध्यानात येते.

तथापि या लेखात एका गोष्टीचा उल्लेख नाही. ‘पात्र मनुष्य’ निवडावा हे ठीक. पण तो पात्र व्हावा कसा? साळीचे माप आहे ते पिकल्या गळ्यासाठी. आठ-नऊ वर्षांच्या पोराचा गळा कच्चा असतो. त्याला शेकडो पदे मुखोद्गत करावयाची असतात, प्रत्येक पदाचा ‘पण्’, म्हणजे जुना राग, नेमका लावावयास शिकावयाचे असते. त्यात आठ-दहा वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात त्याच्या गाण्याला कोणी कवडीही देत नाही. गरिबाच्या मुलाने ही वर्षे काढावीत कशी? आपल्याकडे वेदविद्या शिकणाऱ्या मुलाने हा प्रश्न माधुकरी मागून आणि वार लावून सोडविला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाण्याचे उपदेशक तयार करण्यासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला, तो हाच प्रश्न ओळखून. कलेच्या इतिहासात थोर गुरूंची नावे लिहिली जातात. शिष्याला कोणाच्या स्वयंपाकघरातून भात आला, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही.

कावेरीच्या मुखाशी पसरलेल्या या हिरव्या प्रदेशात ही नोंद थोडीफार लागते. येथे भाताला तोटा नव्हता, आणि ज्याच्या कोठारात भात त्याच्या दारी गाणे, असा येथला न्याय होता. शैव मठांपाशी गावेच्या गावे इनाम होती. मयिलाडुतुरैजवळचा धर्मपुरम् मठ आणि त्याच बाजूचा तिरुवावडुतुरै मठ हे त्यांतले प्रमुख. तेवारम् म्हणणाऱ्या गायकाला तमिळमध्ये ओदुवार म्हणतात. ओदुवार तयार करण्याची पाठशाळा धर्मपुरम् मठाने चालविली. गुरूने चरण म्हणावा, मुलांनी तो उचलावा, चुकला तर पुन्हा म्हणावा. एक पदिकम्, म्हणजे दहा-अकरा कडव्यांचे पद, बसले की पुढचे घ्यावे. अप्पर, संबंदर आणि सुंदरर या तिघा संतांची मिळून जवळजवळ आठशे पदिके आहेत. शिकून बाहेर पडलेला मुलगा एखाद्या देवालयात नोकरीस लागे. पगार थोडा, पण जागा मानाची.

याच किनाऱ्यावर, तंजावरच्या पूर्वेस समुद्रकाठी, तरंगमबाडी नावाचे गाव आहे. १६२० साली रघुनाथ नायकाकडून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी ते मिळविले, आणि १७०६ साली तेथे त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाऊ हे दोन तरुण जर्मन धर्मोपदेशक उतरले. त्यांनी आपल्या देशाहून एक रीत बरोबर आणली. जर्मनीत चर्चच्या शाळांतून गरीब मुलांना गावयास शिकवीत; प्रार्थनेच्या वेळी आणि गल्लोगल्ली फिरून ती मुले गात, आणि त्या बदल्यात त्यांना विद्या आणि अन्न मिळे. मार्टिन ल्यूथरने शाळकरी वयात आयझेनाखच्या दारोदारी असेच गाऊन पोट भरले होते. आपल्या माधुकरीचीच ही सख्खी बहीण. पंधरा वर्षांचा पोरका बाख १७०० साली ल्यूनेबुर्गच्या सेंट मायकेल चर्चच्या गायकवृंदात दाखल झाला, तो तेथे शिक्षण आणि जेवण फुकट होते म्हणून. त्याचा गळा लवकरच फुटला. पण वाद्यांवर हात चालत असल्यामुळे त्याला शाळेत राहू दिले. हायडनचे नशीब तसे नव्हते. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चने त्याला लहानपणी गावयास ठेवून घेतले, आणि गळा फुटल्यावर १७४९च्या सुमारास रस्त्यावर काढले. युरोपचे पुष्कळसे थोर संगीत चर्चच्या या शिध्यावर पोसले गेले हे खरे. पण तो शिधा गळ्याला होता, मुलाला नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

तरंगमबाडीच्या धर्मशाळेत तमिळ मुलांना अन्न, वस्त्र आणि अक्षरओळख मिळू लागली, आणि त्याबरोबर गाणेही. हे गाणे मोठे चमत्कारिक होते. चाल जर्मन, शब्द तमिळ. तमिळमधील लघुगुरूंचा हिशेब त्या संथ, समान मात्रांच्या चालीत बसेना. ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे आणि दीर्घ अक्षर आखडावे लागे. तरीही मुले ते गात, कारण त्या गाण्यापुढे पान वाढलेले होते. या मुलांपुढे व्यवसायही होता. त्यांतील हुशार मुलगा पुढे उपदेशी होई. गावोगाव फिरावे, लोक जमवावेत, गावे आणि सांगावे, अशी ही पगारी नोकरी होती. निम्मा मास्तर आणि निम्मा कीर्तनकार असा हा मनुष्य. त्याला पेशेवाईक गायक म्हणावयास हरकत नाही.

या परंपरेतून जो सर्वांत मोठा गळा निघाला, त्याचा संबंध थेट मराठ्यांच्या दरबाराशी येतो. श्वार्ट्स नावाचा जर्मन धर्मोपदेशक १७५० साली तरंगमबाडीस आला आणि पुढे तंजावरास स्थायिक झाला. १७८५च्या सुमारास तिरुनेलवेलीच्या बाजूस फिरत असता त्याला वेदनायगम् नावाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा भेटला. मुलगा हुशार होता. श्वार्ट्सने त्याला बरोबर घेतले, तंजावरच्या आपल्या शाळेत ठेवले, वाढविले. याच श्वार्ट्सच्या छत्राखाली त्या वेळी आणखी एक मुलगा होता. त्याचा जन्म १७७७चा. तुळजाराजांनी त्याला दत्तक घेतले होते, आणि राजांच्या मृत्यूनंतर अमरसिंगांनी त्याला बाजूस सारले होते. हा मुलगा म्हणजेच दुसरे सरफोजी. एक गरिबाघरचा ख्रिस्ती पोर आणि एक गादीला पारखा झालेला मराठा राजपुत्र, दोघेही एकाच परदेशी गुरूचे शिष्य! १७९८ साली श्वार्ट्स वारला आणि त्याच साली सरफोजी गादीवर आले. त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मरणशय्येवरील गुरूजवळ पागोटे घातलेले राजे उभे आहेत, असे ते शिल्प आहे.

वेदनायगम् एकोणिसाव्या वर्षीच शाळेचा मुख्य अध्यापक झाला. परंतु त्याची कीर्ती शिक्षक म्हणून नव्हे, तर कवी आणि गायक म्हणून झाली. जर्मन चालींच्या शाळेत वाढलेल्या या मुलाने स्वतःची पदे रचली ती मात्र कर्नाटकी रागतालांत. १८००च्या सुमारास त्याने ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. कुरवंजी हा तमिळ गेयनाट्याचा एक लाडका प्रकार आहे. विरहिणी नायिका, तिला भविष्य सांगावयास आलेली डोंगराळ मुलखातली कुरत्ती, आणि शेवटी नायकाची प्राप्ती, असा त्याचा साचा. आपल्या भारुडातील जोशी डोळ्यांपुढे आणला म्हणजे या कुरत्तीची कल्पना येईल. वेदनायगमने तो साचा जसाच्या तसा उचलला आणि नायकाच्या जागी बेथलेहेमचा प्रभू बसविला. एवढ्यावर तो थांबला नाही. सूर्याभोवती पृथ्वी फिरते हा कोपर्निकसाचा सिद्धान्तही त्याने त्यात गाऊन टाकला! आणि मौज अशी की, इकडे राजवाड्यात सरफोजीराजांनीही ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. ती मराठीत आहे, आणि तिच्यातली कुरत्ती इंद्राणीला पृथ्वीवरील देशांचा भूगोल सांगते. दोघा गुरुबंधूंनी शाळेत ऐकलेला धडा एकाने तमिळमध्ये गाइला, दुसऱ्याने मराठीत.

पण शिधा देणाऱ्याच्या मनात पुढे एक प्रश्न उभा राहतोच. अन्न आमचे, तर गाणे कोणाचे? श्वार्ट्सच्या पिढीला तमिळ राग, तमिळ कथन यांचे वावडे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तंजावरच्या मिशनचा कारभार नव्या इंग्रज धर्मोपदेशकांच्या हाती गेला, आणि त्यांना ही जुनी वहिवाट मानवेना. वाद अनेक गोष्टींवरून पेटला: बायबलचे नवे भाषांतर, उपासनेतील देशी चाली, सणासमारंभांतील फुले-हार, आणि सर्वांत तीव्र म्हणजे चर्चमध्ये जातवार बसण्याची चाल. वेदनायग शास्त्री जुन्या चालीच्या बाजूने उभे राहिले. या शेवटच्या मुद्द्यावर त्यांची बाजू आज कोणीही उचलून धरणार नाही. देवाच्या घरात वेल्लाळांनी एकीकडे आणि दलितांनी दुसरीकडे बसावे हे नव्या धर्मोपदेशकांना खपले नाही, यात त्यांचे काही चुकले नाही. पण त्याच झाडूने त्यांनी तमिळ गाणेही झाडून टाकावयास काढले, आणि तेथे मात्र त्यांचा कान आणि विवेक दोन्ही कमी पडले. जातीचा अहंकार आणि रागाचे सौंदर्य या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगी असू शकतात, हे त्यांना उमगले नाही. १८२९ साली शास्त्र्यांची नोकरी गेली. बालपणापासून ज्या घरचे अन्न खाल्ले ते घर पंचावन्नाव्या वर्षी बंद झाले.

त्यांना आधार दिला तो सरफोजींनी. शिवभक्त भोसल्यांच्या दरबारात एका ख्रिस्ती कवीला मासिक वेतनावर राजकवीचे स्थान मिळाले. सरफोजींच्या पदरी त्या काळी गुणी माणसांची दाटी होती. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे नृत्यसंगीताला नवे वळण लावणारे चार बंधू याच दरबाराचे. राजांनी इंग्रजी पद्धतीचा बँडही बाळगला होता. ओरत्तनाडूजवळ मुक्तांबेच्या नावाने काढलेल्या छत्रात वाटसरूंना अन्न मिळेच, पण विद्यार्थ्यांनाही अन्न आणि विद्या दोन्ही मिळत. देऊळ, चर्च आणि राजवाडा हे तिघे या मुलखात जणू एकाच पंगतीचे वाढपी होते. एकाने हात आखडला तर दुसऱ्याने वाढावे. गाणाऱ्याला खरे स्वातंत्र्य मिळाले असेल तर ते या तिघांच्या उदारपणामुळे नव्हे, ते तीन होते म्हणून मिळाले.

शास्त्री १८६४ साली वारले. त्यांनी रूढ केलेले ख्रिस्ती कथाकालक्षेप, म्हणजे आपल्या कीर्तनासारखे गात-सांगत केलेले निरूपण, त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविले, आणि ज्या तमिळ पदांवर आक्षेप आला होता ती पदे आज तमिळ चर्चमधून सर्रास गाइली जातात. कीर्तनाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट ओघात सांगण्याजोगी आहे. तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी दक्षिणेतील हरिकथेला जे रूप दिले, ते तंजावरात आलेल्या मराठी कीर्तनकारांवरून. म्हणूनच तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते त्याच नावांनी जाऊन बसली आहेत.

१८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांबरोबर तंजावरचे राज्य संपले. राजवाड्याचे वाढप थांबले आणि गवई मद्रास, म्हैसूर, त्रावणकोर अशा वाटांनी पांगले. यानंतरच्या काळात तंजावरातील एक ख्रिस्ती वैद्य, अब्राहम पंडितर (१८५९–१९१९), यांनी स्वतःच्या पैशाने गाण्याची सेवा केली. १९१२ पासून त्यांनी तंजावरास संगीत-परिषदा भरविल्या, आणि बाहेरून येणाऱ्या कलावंतांचा खर्च स्वतः सोसला. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा पंडितर तेथे श्रुतींविषयीचे आपले मत मांडावयास गेले. प्रात्यक्षिक त्यांच्या मुलींनी करून दाखविले. घरंदाज मुलींनी सभेत गाणे त्या काळी सोपे नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘करुणामृत सागरम्’ हा प्रचंड ग्रंथ बाहेर पडला.

देवळाच्या शिध्यावर वाढलेला गळा विसाव्या शतकात किती दूर जाऊ शकला, हे पाहावयाचे तर एम. एम. दंडपाणि देशिकरांकडे पाहावे. १९०८ साली कावेरीच्या याच मुलखात तिरुचेंगाट्टंगुडी येथे एका ओदुवार घराण्यात ते जन्मले. बालपणी तेवारम् कंठात बसलेले. त्या बळावर ते रंगमंचावर, तेथून बोलपटांत गेले. ‘पट्टिनत्तार’ (१९३५) आणि ‘नंदनार’ (१९४२) या बोलपटांनी त्यांचे नाव तमिळ मुलखात घरोघर पोहोचविले, आणि पुढे अण्णामलै विद्यापीठात ते संगीताचे प्राध्यापक झाले. परंतु १९४६ साली तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या आराधनेत त्यांनी तमिळ गीत गाइले, तेव्हा तेलुगू कृतींच्या त्या व्यासपीठावर हे कसे चालले, म्हणून मोठा गहजब झाला. शंभर वर्षांपूर्वी चर्चमध्ये जे झाले, तेच आता कावेरीकाठच्या समाधीपाशी! सोवळे कोणाचेही असो, ते गाण्यालाच प्रथम बाधते.

चर्चच्या शिध्याची दुसरी एक तऱ्हा महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. गोव्यातील गावोगावच्या चर्चशाळांत ‘मेस्त’ मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत, आणि त्या मुलांचा उपयोग रविवारच्या प्रार्थनेत होई. पण स्वरलिपी वाचता येणारा मुलगा जगाच्या कोणत्याही वाद्यवृंदात बसू शकतो. म्हणून गोव्याची ही मुले मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटसंगीताचा कणा बनली. शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसोझा, प्यारेलालांना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे; गोन्साल्विसांचे वडीलच माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे गुरू होते. तंजावरच्या उपदेशी मुलाला असा परवाना मिळाला नाही. त्याची विद्या तमिळ शब्दांत आणि तमिळ श्रोत्यांत गुंतलेली होती. ती सोडून तो कोठे जाणार? पण त्यामुळेच त्याच्या हातून त्याच्या भाषेत नवे काव्य झाले, हेही तितकेच खरे.

आता या दोन्ही तऱ्हा काहीशा एकत्र आल्या आहेत. जेथे कावेरीचे फाटे फुटू लागतात त्या तिरुचिरापल्लीत १९७७ साली एस. एम. जॉर्ज या कॅथलिक धर्मगुरूंनी ‘कलै काविरि’ ही संस्था काढली. तेथे कर्नाटक संगीत आणि भरतनाट्यम् यांचे रीतसर पदवीशिक्षण मिळते, आणि विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असला तरी चालतो. वेदनायग शास्त्र्यांच्या ज्या रागांवरून एकेकाळी चर्चमध्ये वादळ झाले, तेच राग चर्चच्या संस्थेत अभ्यासक्रमात आहेत. देवळांच्या बाजूस तमिळनाडू सरकारच्या धर्मादाय खात्याने ओदुवारांच्या शाळा चालविल्या आहेत. तेथे मुलांना राहण्या-जेवणाची सोय आणि विद्यावेतन मिळते. राजराजाच्या लेखात जी उणीव होती, म्हणजे कच्च्या गळ्याचा शिधा, ती अशी भरून निघाली. नातलगाचा हक्कही राहिला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र फार वाट पाहावी लागली. तेवारमच्या चालींविषयी तमिळ परंपरेत एक कथा आहे. पदांच्या ताडपत्रांना चिदंबरमच्या एका बंद खोलीत वाळवी लागली होती. राजाने त्यांतली उरली तेवढी वाचविली. शब्द मिळाले, पण चाली कोण सांगणार? तेव्हा नीलकंठ याळ्पाणर या जुन्या वीणावादकाच्या कुळातील एका स्त्रीला शोधून आणले, आणि तिने प्रत्येक पदाचा पण् लावून दिला. ज्या चालींवर पुढे शतकानुशतके पुरुष ओदुवारांनी पोट भरले, त्या अशा एका स्त्रीच्या गळ्यातून आल्या, असे ती परंपराच सांगते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तमिळनाडू सरकारने देवालयांत सर्व जातींच्या प्रशिक्षित पुजाऱ्यांच्या नेमणुका केल्या. त्याच दिवशी ओदुवारांच्याही नेमणुका झाल्या, आणि त्यांत चेन्नईजवळच्या माडंबाक्कम येथील धेनुपुरीश्वराच्या देवालयात एका तरुणीची नेमणूक होती. संगीतशाळेत शिकून आलेली ही गायिका सरकारी पगारावर देवापुढे उभी राहून तेवारम् म्हणू लागली.